सावली दोन देशांची: परदेशी शाळेबरोबर विज्ञान-गणिताचा संयुक्त उपक्रम कसा उभारावा

फेब्रुवारीच्या मध्यावर मुंबईतल्या एखाद्या शाळेच्या गच्चीवर एक मीटर उंचीची काठी सरळ उभी केली, तर सूर्य सर्वांत उंच आल्यावर तिची सावली उत्तरेकडे पडते आणि सुमारे ६२ सेंटीमीटर भरते. त्याच दिवशी मॉरिशसमध्ये तेवढ्याच उंचीच्या काठीची सावली दक्षिणेकडे पडते आणि ती जेमतेम १३ सेंटीमीटर असते. मुंबईच्या वर्गाने कितीही कष्ट घेतले, तरी त्या दिवशीची ती दक्षिणेकडची सावली त्याला मोजता येत नाही. ती मोजायला तिथे कुणीतरी असावे लागते, आणि त्या कुणालातरी आपल्या मोजमापाचीही तेवढीच गरज असावी लागते. परदेशातल्या शाळेशी विज्ञान आणि गणिताच्या शिक्षणासाठी संबंध जोडायचा तो अशा गरजेपोटी जोडावा, असे माझे ठाम मत आहे. मुंबईतल्या माध्यमिक शाळांत हे दोन्ही विषय शिकवताना अशा उपक्रमांत जे हाती लागले आणि जे निसटले, त्यावरून पुढील मार्गदर्शन लिहीत आहे.

आधी प्रश्न, मग भागीदार

बहुतेक शाळा नेमके उलटे करतात. आधी ओळखीतून परदेशी शाळा मिळते, सामंजस्य करारावर सह्या होतात, छायाचित्रे निघतात, आणि त्यानंतर आता एकत्र काय करायचे याचा विचार सुरू होतो. मी ज्या पहिल्या उपक्रमात होतो, तो याच वाटेने गेला. दोन व्हिडिओ कॉल झाले, मुलांनी एकमेकांना आपापले सण सांगितले, आणि तिसऱ्या भेटीला दोन्हीकडे विषयच उरला नव्हता. मुलांचा उत्साह खरा होता, त्यामुळे तो असा वाया गेल्याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून पहिले काम म्हणजे एका ठिकाणी बसून सुटणार नाही असा एक लहानसा प्रश्न निवडणे. सावलीचा प्रश्न, म्हणजे दोन ठिकाणच्या सावल्यांवरून पृथ्वीचा परीघ काढणे, त्या कसोटीला उतरतो. अंकांची नावे हा दुसरा उत्तम प्रश्न आहे. आपण २१ ला ‘एकवीस’ म्हणतो, म्हणजे एकक आधी आणि दशक नंतर. लिहिताना मात्र २ आधी लिहितो. जर्मन भाषेतही ‘एक आणि वीस’ असाच क्रम आहे. जपानीत ‘दोन दहा एक’ असे सरळ म्हणतात. नॉर्वेने १९५१ मध्ये एकक आधी म्हणण्याची जुनी रीत सोडून दशक आधी म्हणण्याची रीत अधिकृत केली. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘वीस एक’ अशी मांडणी आली तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले होते, ते आपल्याला आठवत असेल. त्या वादात मते पुष्कळ होती. पण श्रुतलेखन घेताना मुले ४७ च्या जागी ७४ किती वेळा लिहितात, याची दोन भाषांतल्या वर्गांची शेजारी-शेजारी ठेवलेली मोजणी त्या चर्चेत मला कुठे दिसली नाही. अशी मोजणी दोन प्राथमिक शिक्षक, दोन देशांत बसून, एका महिन्यात करू शकतात. मराठी वर्गात ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहिणारे मूल हमखास भेटते. तीसला एक कमी ही कल्पना त्या शब्दात दडलेली आहे आणि ती मुलाला कुणी उलगडून सांगितलेली नसते, हे परदेशी शिक्षकाला समजावून सांगताना आपल्यालाच प्रथम नीट दिसते.

भागीदार कुठे शोधावा

मुंबईत असण्याचा येथे मोठा लाभ आहे. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग म्हणून शालेय विज्ञान आणि गणित कसे शिकवावे याच विषयावर संशोधन करत आहे, आणि २००४ पासून ‘एपिस्टीम’ या आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका चालवत आहे. तेथे येणारे परदेशी संशोधक बहुधा स्वतः शिक्षकांच्या संपर्कात असतात, त्यामुळे अशा परिषदेला शिक्षक म्हणून श्रोत्यांत जाऊन बसणे हे कुठल्याही संकेतस्थळावर नाव नोंदवण्यापेक्षा अधिक फळ देते. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि टाटा ट्रस्ट्सबरोबर ‘क्लिक्स’ हा उपक्रम राजस्थान, छत्तीसगड, तेलंगणा आणि मिझोराममधल्या सरकारी माध्यमिक शाळांत राबवला. तंत्रज्ञानाच्या मदतीने शिकण्याचे साहित्य इंग्रजीखेरीज हिंदी आणि तेलुगूतही तयार करावे लागते, ही त्यातली गोष्ट आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. युनेस्कोचे सहयोगी शाळांचे जाळे १९५३ पासून आहे. तापमान, पाऊस आणि ढग यांच्या नोंदी जगभरच्या मुलांनी एकाच पद्धतीने घ्याव्यात यासाठीचा ‘ग्लोब’ कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला आणि भारत त्यात २००० पासून आहे. ज्यांना स्वतः पद्धत आखण्याचा आत्मविश्वास अजून नाही, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

मॉरिशसचे उदाहरण मी मुद्दाम घेतले आहे. तेथे मराठी मूळ असलेला समाज आहे आणि तेथील शाळांत मराठी विषय शिकवला जातो. तेथील विज्ञान-गणिताचे अध्यापन मराठीत होत नाही हे खरे, तरीही पहिल्या पत्राचे उत्तर देणारा एखादा मराठीचा शिक्षक तेथे असू शकतो, आणि त्याने आपल्या विज्ञानशिक्षक सहकाऱ्याशी गाठ घालून दिली की काम सुरू होते. पत्र संस्थेच्या नावे लिहावेच, पण सोबत एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला लिहिलेले एक पान जोडावे. त्यात आपला प्रश्न, मुलांची इयत्ता, किती आठवडे लागतील आणि आपल्याला त्यांच्याकडून नेमके काय हवे, एवढेच असावे.

परवानग्या आणि मुलांची माहिती

मुख्याध्यापकांची लेखी संमती घ्यावी. अनुदानित माध्यमिक शाळांनी शिक्षण निरीक्षकांच्या कार्यालयाला, आणि महापालिकेच्या शाळांनी पालिकेच्या शिक्षण विभागाला, उपक्रमाची माहिती पत्राने द्यावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची वैयक्तिक माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. म्हणून पालकसभेत उपक्रम समजावून सांगून सह्या घ्याव्यात. त्याहून सोपा मार्ग म्हणजे परदेशी शाळेकडे मुलांची नावे, छायाचित्रे आणि फोन क्रमांक जाऊच देऊ नयेत. ‘गट क’ने सावली ६१.५ सेंटीमीटर मोजली, एवढे समजले तरी विज्ञानाचे काम अडत नाही. मुलांचा आपापसांतला व्हॉट्सअ‍ॅप गट कदापि करू नये. पत्रव्यवहार दोन्ही शिक्षकांमार्फतच व्हावा.

पैशांबाबत एकच सांगतो. परदेशातून देणगी घेणाऱ्या संस्थेला परदेशी योगदान विनियमन कायदा, २०१० नुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. ती नसेल तर ‘प्रयोगसाहित्यासाठी थोडे पैसे पाठवतो’ हा स्नेहाचा प्रस्तावही नम्रपणे नाकारावा. काठी, ओळंबा आणि पुठ्ठा यांना तसा खर्च येतच नाही. बिया आणि माती टपालाने पाठवू नये, कारण वनस्पतींच्या रोगराईच्या भीतीने त्यांच्या ने-आणीवर सर्वत्र निर्बंध असतात.

घड्याळ आणि कॅलेंडर

येथे उपक्रम सर्वाधिक ठेचकाळतात, म्हणून येथे थोडा वेळ थांबू. आपल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, मॉरिशसच्या जानेवारीत, जपानच्या एप्रिलमध्ये आणि युरोपातल्या बऱ्याचशा सप्टेंबरमध्ये. आपली दिवाळीची सुट्टी, त्यांची डिसेंबरची सुट्टी आणि आपली मार्चची परीक्षा वजा केली, तर दोन्ही वर्ग एकाच वेळी निवांत असतील असे जेमतेम काही आठवडे उरतात. दोन्ही शाळांची वार्षिक वेळापत्रके एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून ते आठवडे आधी रंगवून घ्यावेत.

सावली मोजण्यासाठी पुस्तके विषुवदिन सुचवतात, कारण त्या दिवशी मध्यान्हीच्या सावलीचा कोन आणि आपले अक्षांश सारखे येतात. मुंबईत मात्र सप्टेंबरचा विषुवदिन पावसाळी ढगांत आणि मार्चचा परीक्षेच्या धामधुमीत येतो. दोन्ही शाळा एकाच दिवशी मोजणार असतील तर विषुवदिनाची गरजच नाही, कारण सूर्य उत्तरेला वा दक्षिणेला कितीही कललेला असला तरी तो कल दोन्हीकडे सारखाच असतो आणि दोन कोन एकत्र करताना वजा होऊन जातो. फेब्रुवारीत मुंबईचे आकाश बहुधा निरभ्र असते. मॉरिशसला तो वादळांचा काळ असल्याने एका तारखेऐवजी लागोपाठ पाच दिवस ठरवावेत. त्यांपैकी ज्या दिवशी दोन्हीकडे ऊन पडेल तो दिवस आपला.

मध्यान्ह म्हणजे बारा वाजता, हा समज मुलांच्या आणि कित्येक शिक्षकांच्याही मनात घट्ट असतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि मुंबई ७२.९ अंशांवर आहे, त्यामुळे एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आपला सूर्य सुमारे ३८ मिनिटे उशिरा माथ्याकडे येतो. फेब्रुवारीच्या मध्यावर सूर्याच्या चालीमुळे त्यात आणखी सुमारे १४ मिनिटांची भर पडते. म्हणजे आपली सर्वांत आखूड सावली साधारण १२ वाजून ५३ मिनिटांनी मिळते. दोन अधिवेशनांत भरणाऱ्या मुंबईच्या शाळेत नेमकी ही वेळ सकाळची मुले सुटण्याची आणि दुपारची येण्याची असते. गच्चीच्या जिन्याची किल्ली, शिपाईमामांची मदत आणि दुपारच्या पहिल्या तासिकेच्या शिक्षकांची सवलत ही व्यवस्था आदल्या आठवड्यातच करून ठेवावी. पटांगणापेक्षा गच्ची बरी, कारण आजूबाजूच्या इमारतींच्या सावलीत आपल्या काठीची सावली हरवून जाते. टाकीची आणि कठड्याची सावली मोजणीच्या जागेवर कधी येते, ते आदल्या दिवशी त्याच वेळी जाऊन पाहून यावे.

मोजणीची पद्धत

दोन्ही शाळांनी एकच लेखी पद्धत पाळली नाही, तर मिळालेल्या आकड्यांची तुलना करताच येत नाही. काठी एक मीटरची घ्यावी, आणि ती उभी आहे की नाही हे नजरेने न ठरवता ओळंब्याने, दोन बाजूंनी तपासावे. जमीन पाणसळीने पाहावी. काठीचे वरचे टोक अवघे तीन सेंटीमीटर उत्तरेकडे कलले, तरी शेवटी पृथ्वीच्या परिघाच्या उत्तरात हजाराहून अधिक किलोमीटरचा फरक पडतो. हे मुलांनी स्वतः हिशेब करून पाहिले की ओळंबा धरायला आपोआप चढाओढ लागते.

सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाएवढी तबकडी आहे, त्यामुळे सावलीची कड सेंटीमीटरभर धूसर दिसते आणि प्रत्येक गट वेगळ्या जागी खूण करतो. त्यावर उपाय म्हणजे काठीच्या टोकाला बारीक भोक पाडलेला पुठ्ठ्याचा तुकडा लावून जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाच्या ठिपक्याच्या मध्यावर खूण करणे. मात्र मग उंची भोकापर्यंत मोजावी, आणि भोकाच्या बरोबर खाली जमिनीवर ओळंब्याने घेतलेल्या खुणेपासून ठिपका मोजावा. मुंबईत साडेबारापासून सव्वा वाजेपर्यंत दर तीन मिनिटांनी खूण आणि वेळ नोंदवावी. सर्वांत आखूड सावली या सगळ्या खुणांची वक्ररेषा काढून ठरवावी. एकाच मोजणीवर विसंबू नये.

दहावीच्या मुलांना त्रिकोणमिती ठाऊक असते. आठवी-नववीच्या मुलांनी काठी आणि सावली यांचा काटकोन त्रिकोण कागदावर प्रमाणात काढून कोनमापकाने काठीच्या टोकाशी होणारा कोन मोजावा. मुंबईला साधारण ३१.८ अंश आणि मॉरिशसला ७.४ अंश मिळतील. सावल्या विरुद्ध दिशांना आहेत, म्हणून कोनांची बेरीज करायची: ३९.२ अंश. सावल्या एकाच दिशेला असत्या तर वजाबाकी करावी लागली असती. हा ‘का’ मुलांनी दोन समांतर किरण आणि एक वर्तुळ काढून स्वतः शोधावा, शिक्षकाने तो आधी सांगून टाकू नये.

आता अंतर. दोन्ही ठिकाणांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ४,६८० किलोमीटर आहे आणि बहुतेक गट तेच घेतात; मग पृथ्वीचा परीघ (अंतर गुणिले ३६०, भागिले ३९.२) सुमारे ४३,००० किलोमीटर येतो. हे उत्तर आले तर लगेच दुरुस्त करू नये. पलीकडच्या शाळेलाही हेच आले का ते विचारावे, आणि दोन्ही वर्गांनी मिळून कारण शोधावे. मॉरिशस आपल्या केवळ दक्षिणेला नसून नैर्ऋत्येला आहे, आणि कोनांची बेरीज फक्त उत्तर-दक्षिण अंतराशी निगडित आहे. ते अंतर सुमारे ४,३५० किलोमीटर आहे, आणि ते घेतले की परीघ ४०,००० किलोमीटरच्या अगदी जवळ येतो. हा शोध मुलांना लागतो तो क्षण पाहण्यासारखा असतो.

एखादी चौकस मुलगी विचारील की नकाशावरून अंतर घेतले म्हणजे पृथ्वीचा आकार आधीच गृहीत धरला की नाही. तिचे म्हणणे बरोबर आहे आणि ते तसेच मान्य करावे. सावलीवरूनच पृथ्वीचा परीघ काढणाऱ्या प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसकडे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायीनी या शहरांमधले जमिनीवरचे अंतर होते. आपण नकाशा वापरतो, म्हणजे आपण खरे तर नकाशा आणि सावली एकमेकांशी जुळतात का हे तपासतो. त्या नकाशामागेही जमिनीवर केलेली मोजणी आहेच, आणि भारतातली मोठी त्रिकोणमितीय मोजणी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू झाली, हा धागा येथे इतिहासाच्या शिक्षकांच्या हाती द्यावा.

दोन्हीकडच्या आखूड सावल्यांच्या वेळा जागतिक वेळेत मांडल्या तर त्यांत सुमारे ६१ मिनिटांचे अंतर दिसते. चार मिनिटांना एक अंश धरला की रेखांशांतला फरक पंधरा अंशांहून थोडा अधिक येतो, आणि तो नकाशाशी पडताळता येतो. एकाच दुपारच्या नोंदींतून ही दुसरी मोजणी फुकट मिळते. मॉरिशसचे घड्याळ आपल्या दीड तास मागे असते, हे ध्यानात ठेवून वेळा लिहाव्यात.

भाषा

मराठी माध्यमाच्या मुलांना परदेशी वर्गासमोर इंग्रजीत बोलायला लावले की वर्गात नेहमी बोलणारी चारच मुले बोलतात आणि उत्तम मोजणी करणारा गट गप्प बसतो. मुलांनी नोंदी, शंका आणि तर्क मराठीतच लिहावेत आणि भाषांतर हे वेगळे काम म्हणून एका गटाने करावे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्येही असेच असते: तेथे प्रत्येक देशाचे मार्गदर्शक प्रश्नपत्रिकेचे आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषेत भाषांतर करतात आणि विद्यार्थी त्या भाषेत उत्तरे लिहितो. मुंबईने १९९६ मध्ये गणिताचे, २००१ मध्ये रसायनशास्त्राचे, २००८ मध्ये जीवशास्त्राचे आणि २०१५ मध्ये भौतिकशास्त्राचे ऑलिंपियाड भरवले, तेव्हा ही पद्धत या शहराला नवी नाही. संज्ञांसाठी मराठी विज्ञान परिषदेची प्रकाशने आणि बालभारतीची पुस्तके हाताशी ठेवावीत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या आभासी प्रयोगांपैकी अनेक मराठीत उपलब्ध आहेत, त्यामुळे दोन वर्ग तोच प्रयोग आपापल्या भाषेत करून एकाच आकड्यांवर बोलू शकतात.

शिक्षकांनी एकत्र बसावे

मुलांची मोजणी हा उपक्रमाचा दिसणारा भाग आहे. अध्यापन सुधारते ते दोन शिक्षक एका पाठावर एकत्र बसल्यावर. जपानमधल्या शाळांत ‘जुग्यो केंक्यू’ नावाची रीत आहे. काही शिक्षक मिळून एका पाठाचा आराखडा करतात, एक जण तो वर्गात शिकवतो, बाकीचे शिक्षकाकडे न बघता मुलांकडे बघतात आणि कोण कुठे अडले ते टिपून घेतात. नंतर आराखडा बदलून दुसऱ्या वर्गात पुन्हा शिकवतात. दोन देशांतल्या शिक्षकांना हे व्हिडिओशिवायही करता येते. एकच पाठ ठरवावा, दोघांनी तो आपापल्या वर्गात घ्यावा आणि मुलांच्या वह्यांतल्या पाच चुका, नावे झाकून, एकमेकांना पाठवाव्यात.

अपूर्णांकाचा पाठ यासाठी मला विशेष आवडतो. दोन तृतीयांशाला जपानीत ‘सान् बुन् नो नि’ म्हणतात, म्हणजे तीन भागांतले दोन. आधी पूर्णाचे भाग, मग घेतलेले. आपण वर्गात ‘दोन छेद तीन’ म्हणतो, ज्यात छेद हा शब्द मुलाला काहीच सांगत नाही, आणि बाजारात मात्र ‘तिनातले दोन’ सहज म्हणतो. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरात ऐकत वाढलेले मूल शाळेत ३/४ समोर का अडते, हा प्रश्न जपानी शिक्षकाने मला विचारला असता तर मी काय उत्तर दिले असते, याचा विचार करताना माझ्या पाठाची सुरुवात बदलली. आता मी पाऊण किलो साखरेपासून सुरू करतो आणि छेद हा शब्द चौथ्या तासिकेला आणतो.

चुका तपासताना गुणांवरून मतभेद होतील. ऑलिंपियाडमध्ये देशाचे मार्गदर्शक आणि यजमान परीक्षक समोरासमोर बसून, उत्तरपत्रिका मधे ठेवून, एकमत होईपर्यंत बोलतात. आपणही दोन-तीन उत्तरांवर तसे बोलावे, कारण आपण कशाला समज म्हणतो आणि कशाला पाठांतर, हे त्या बोलण्यात उघडे पडते.

उपक्रम संपताना एक फाइल करून शाळेत ठेवावी: पद्धतीचा कागद, न सुधारलेल्या मूळ नोंदी, बदललेले दोन्ही पाठ-आराखडे, संमतिपत्रे आणि भागीदार शिक्षकाशी झालेला पत्रव्यवहार. शिक्षकाची बदली किंवा निवृत्ती झाली की बहुतेक उपक्रम त्याच्याबरोबर जातात. फाइल असेल तर नवा शिक्षक पुढच्या फेब्रुवारीत त्याच गच्चीवर काठी उभी करू शकतो. त्या वर्षीचा प्रश्न मात्र पलीकडच्या शाळेने निवडावा.